साठत गेलेले दुखणे : पाळीव जनावरांतील अमायलॉइडची ओळख

गुरांच्या दवाखान्यात अधूनमधून अशी एखादी गाय येतेच, जिचे नेमके काय बिघडले आहे हे मालकालाही सांगता येत नाही आणि डॉक्टरलाही. वय आठ-दहा वर्षांचे. खाणे अगदी सुटलेले नसते, तापही नसतो, पण गाय खंगत जाते. पातळ हगवण महिना-दोन महिने थांबत नाही. गळ्याखाली, पोळीत पाणी उतरते; बोटाने दाबले की खळगा तसाच राहतो. जंताचे औषध झालेले असते, प्रतिजैविकांचे दोन-तीन कोर्स झालेले असतात, जोन्स रोगाची शंका घेऊन झालेली असते. अशा गाईची लघवी काचनळीत घेऊन उकळली आणि तिच्यात व्हिनेगरच्या आम्लाचे थेंब टाकले, तर ती पांढऱ्या गुठळ्या धरते. रक्तात राहायला हवीत ती प्रथिने लघवीवाटे वाहून चाललेली असतात. गुदमार्गातून हात घालून पाहिले तर डावे मूत्रपिंड नेहमीपेक्षा मोठे, जड लागते. काही आठवड्यांत गाय बसते, मग उठत नाही.

तिचे पोट उघडले तर मूत्रपिंड फिकट, पिवळसर, मेणचट दिसते. कापल्यावर कडा धारदार राहतात. कापलेल्या बाजूवर आयोडीनचे द्रावण ओतून धुतले की तपकिरी ठिपक्यांची रांगोळी उमटते. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छांमध्ये काहीतरी परके साठले आहे, आणि ते आयोडीन धरून ठेवते आहे. त्यावर विरल गंधकाम्ल टाकले की ठिपके निळसर-जांभळे होतात. जे साठले आहे ते अमायलॉइड, आणि या साठ्याने होणारा आजार म्हणजे अमायलॉइडोसिस. या पुस्तकाचा विषय तोच.

हा विषय आपल्याकडे शिकवला जात नाही असे नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विकृतिशास्त्राच्या तासाला तो भेटतो, परीक्षेत टिपा लिहा म्हणून येतो, आणि पदवी हातात पडली की मागे राहतो. बुऱ्हाणपूर, रावेर, जळगाव जामोद या पट्ट्यात काम करणाऱ्या पशुवैद्यकाच्या नोंदवहीत हा शब्द सहसा सापडत नाही. तो आजार इथे नाही म्हणून सापडत नाही, की शोधला नाही म्हणून, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे, आणि माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे.

आधी गोष्ट काय आहे ते पाहू. शरीरातले प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते आणि ती ठरावीक पद्धतीने घड्या घालून बसते. ती घडी नीट बसली तरच प्रथिन आपले काम करते आणि काम संपल्यावर मोडून निघून जाते. काही प्रथिनांची घडी विस्कटते. मग त्यांच्या साखळ्या एकमेकींना लागून, चपट्या थरांत, एकावर एक रचल्या जातात आणि त्यांचे ताठ, न तुटणारे तंतू बनतात. आमच्या बुऱ्हाणपुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे लगेच कळते: कांडीवर नीट गुंडाळलेले सूत कामाचे, पण गाठी पडून एकात एक अडकलेले सूत ना विणता येते ना सोडवता येते, ते फक्त जागा अडवते. शरीरातली प्रथिने पचवणारी यंत्रणा या तंतूंपुढे हतबल होते. ते पेशींच्या मधल्या जागेत साठतात, रक्तवाहिन्यांभोवती जमतात, शेजारच्या पेशींना दाबतात, उपाशी ठेवतात. मूत्रपिंडाची गाळणी निकामी होते, यकृत फुगते आणि ठिसूळ होते, प्लीहा घट्ट होते.

या ज्ञानाची सुरुवात रंगांपासून झाली. १८५४ मध्ये बर्लिन-व्युर्झबर्गच्या परंपरेतले रुडॉल्फ फिरखो यांनी आयोडीन आणि गंधकाम्लाने रंग बदलणारा हा पदार्थ पाहिला आणि तो पिष्टासारखा काहीतरी असावा असे मानून त्याला अमायलॉइड म्हटले. त्याआधी व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी चरबीसारख्या चकाकणाऱ्या यकृतांची वर्णने केली होती. १८५९ मध्ये फ्रीडराइख आणि केकुले यांनी अशा प्लीहेचे रासायनिक पृथक्करण केले. त्यात पिष्ट मिळाले नाही, नायट्रोजनयुक्त, प्रथिनासारखा पदार्थ मिळाला. तरी नाव तेच चिकटून राहिले. पुढची साठ-सत्तर वर्षे हा विषय शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या लोकांचा होता. कोणत्या अवयवात किती साठले, तो कसा दिसतो, त्याला कोणता रंग चढतो, एवढ्यावरच त्यांची नजर होती. या पहिल्या परंपरेला कमी लेखण्याचे कारण नाही. आजही खेड्यातल्या पशुवैद्यकाच्या हातात जी साधने आहेत, ती तिनेच दिलेली आहेत.

तिची सगळ्यात टिकाऊ देणगी काँगो रेड. १८८३-८४ च्या सुमारास पॉल ब्योटिगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा रंग तयार केला तो सुती कापडासाठी. त्याआधी सुतावर पक्का रंग चढवायचा तर हरड्याचा, तुरटीचा हात द्यावा लागे. हा रंग थेट सुताला लागत असे. बुऱ्हाणपूरसारख्या, सतराव्या शतकापासून कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात हे सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण या रंगाने सुताला धरावे आणि अमायलॉइडलाही धरावे यामागे साम्य आहे: लांबट, चपटा रेणू समांतर रचनेच्या लांब धाग्याला चिकटून बसतो. १९२२ मध्ये हान्स बेनहोल्ड यांनी तो अमायलॉइडसाठी वापरला. १९२७ मध्ये बेल्जियमचे पॉल दिव्री यांनी काँगो रेड चढवलेली काचपट्टी ध्रुवित प्रकाशात पाहिली. ही गोष्ट एकदा तरी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. साध्या प्रकाशात साठा विटकरी लाल दिसतो. सूक्ष्मदर्शकाचे ध्रुवक फिरवत एकमेकांना काटकोनात आणले की पार्श्वभूमी काळोखते आणि त्याच जागी कच्च्या सफरचंदाचा हिरवा रंग चमकून उठतो. शंभर वर्षे होत आली, तरी निदानाचा कस हाच आहे.

दुसरी परंपरा रसायनशास्त्रज्ञांची. १९५९ मध्ये कोहेन आणि कॅल्किन्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की एकसंध दिसणारा हा पदार्थ बारीक तंतूंचा आहे. १९६८ मध्ये ईन्स आणि ग्लेनर यांनी क्ष-किरणांनी त्या तंतूंची आतली रचना उलगडली. मग १९७१ मध्ये खरा दुभंग झाला. ग्लेनर यांच्या गटाने काही रुग्णांतले तंतू प्रतिद्रव्याच्या तुकड्यांपासून बनल्याचे सिद्ध केले, आणि त्याच सुमारास बेंडिट व एरिक्सन यांनी दीर्घ दाहातून होणाऱ्या अमायलॉइडमध्ये वेगळेच प्रथिन असल्याचे दाखवले. म्हणजे अमायलॉइड हा एक पदार्थ नाही. वेगवेगळी प्रथिने एकाच प्रकारे बिघडतात आणि एकाच प्रकारे साठतात. तेव्हापासून वर्गीकरण अवयवावरून न होता मूळ प्रथिनावरून होते, आणि या पुस्तकातही तेच पाळले आहे.

पाळीव जनावरांत सगळ्यात जास्त आढळतो तो दाहाशी जोडलेला प्रकार, एए. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत सीरम अमायलॉइड ए नावाचे प्रथिन रक्तात सोडते; दिवस-दोन दिवसांत त्याची पातळी हजारपटीपर्यंत चढू शकते. जखम भरली की ती उतरते. पण जखम भरलीच नाही तर? जाळपोटात टोचून बसलेली तार, वर्षानुवर्षे धुमसणारी दगडी, जार अडकून सडल्यानंतरचा गर्भाशयाचा दाह, फुप्फुसातला क्षय, खुरांतले गळू: यांपैकी काहीही महिनोन् महिने चालू राहिले तर यकृत ते प्रथिन ओतत राहते, त्याचे तुकडे पडतात, आणि काही जनावरांत ते तुकडे तंतू होऊन साठू लागतात. सगळ्याच जनावरांत नाही. हे असे का, याचा शोध अजून चालू आहे. पण सुरुवातीची गाय आठवली तर तिचा खरा आजार बहुधा दोन-तीन वर्षांपूर्वी, कडबाकुट्टीतून गिळलेल्या तारेच्या तुकड्याने किंवा नीट न बरी झालेल्या कासेने सुरू झालेला असतो. आपण तिच्याकडे पाहतो तेव्हा मूळ दुखणे शमल्यासारखे दिसते आणि त्याचा साठा मात्र मूत्रपिंडात जमलेला असतो.

दाह आणि साठा यांचे नाते सगळ्यात स्पष्टपणे ज्या जनावराने दाखवले, त्याचे ऋण आपल्या सगळ्यांवर आहे. ते म्हणजे सीरमचे घोडे. १८९० च्या दशकात माणसांच्या घटसर्पावर (डिप्थीरियावर) प्रतिविष मिळवण्यासाठी युरोपात घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांचे रक्त काढायला सुरुवात झाली. १८९५ च्या सुमारास काल्मेत यांनी सापाच्या विषासाठी तीच रीत वापरली. महाराष्ट्रात ही परंपरा मुंबईच्या हाफकिन संस्थेने उभी केली; परळची ही संस्था आणि पिंपरीचे तिचे घोडे हे मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे सीरम घोड्यांच्याच रक्तातून येते. तापीकाठच्या केळीच्या बागेत रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस चावते तेव्हा त्याचा जीव एका घोड्याच्या रक्तावर अवलंबून असतो.

अशा घोड्याच्या शरीरात काय होते? महिनोन् महिने, वर्षानुवर्षे त्याला प्रतिजन टोचला जातो. शरीर सतत दाहाच्या पवित्र्यात राहते. यकृतात अमायलॉइड साठते. यकृत सुजून मोठे होते, पण इतके ठिसूळ की बोटाने दाबले तर तुटते. मग एके दिवशी वरकरणी ठीक दिसणारा घोडा पोटातल्या पोटात यकृत फाटून, रक्तस्रावाने काही वेळात मरतो. प्रतिविष बनवणाऱ्या केंद्रांतल्या पशुवैद्यकांनी हे पाहिले, लिहून ठेवले, आणि त्यामुळेच अमायलॉइडचे नाते प्रदीर्घ प्रतिजन-उत्तेजनाशी आहे हे कळले. पुढे उंदरांना केसीन टोचून हाच आजार प्रयोगशाळेत घडवता आला. सर्पदंशाचे इंजेक्शन घोड्याशिवाय करण्याची संशोधने जगभर चालू आहेत. ती यशस्वी होईपर्यंत त्या घोड्यांच्या यकृतावर लक्ष ठेवणे, त्यांना वेळेत निवृत्त करणे, हे मी विज्ञानाइतकेच कृतज्ञतेचे काम मानतो.

इतर जनावरांतली चित्रे वेगवेगळी आहेत, आणि हा फरक निदानात फार महत्त्वाचा ठरतो. गाईबैलांत मुख्य मारा मूत्रपिंडाच्या गाळणीवर, म्हणून लघवीत प्रथिन भरपूर. अॅबिसिनियन मांजरांत हा आजार वंशातून येतो आणि साठा मूत्रपिंडाच्या आतल्या भागात होतो, म्हणून लघवीतले प्रथिन अगदी थोडे असू शकते. तेवढ्यावरून आजार नाही असे ठरवणारा फसतो. सयामी मांजरांत यकृत धरले जाते. शार-पेई जातीच्या कुत्र्यांत वारंवार ताप येतो, घोटे सुजतात आणि पुढे साठा होतो. पेकिन बदकांत यकृत आणि प्लीहेचे अमायलॉइड अगदी नेहमीचे आहे. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत एंटरोकॉकस फिकॅलिस या जिवाणूच्या संसर्गानंतर सांधे नारिंगी रंगाने भरतात. नेदरलँडमध्ये १९९० च्या दशकात याचे सविस्तर वर्णन झाले.

मांजराचे आणखी एक ऋण आहे. मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींभोवती अमायलॉइड साठते, अगदी माणसासारखे. १९८७ मध्ये स्वीडनचे पेर वेस्टरमार्क आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या एका गाठीतले आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातले तंतू एकाच प्रथिनाचे असल्याचे दाखवले. उंदराचे हे प्रथिन थोडे वेगळे, म्हणून उंदरात असा साठा होत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर जे सांगू शकला नाही ते घरातल्या मांजराने सांगितले. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूत जे प्रथिन साठते त्याची अमिनो आम्लांची साखळी माणसाच्या अल्झायमर रोगातल्या प्रथिनाशी तंतोतंत जुळते. रात्रभर घरात येरझारा घालणारा, ओळखीच्या दारात अडखळणारा म्हातारा कुत्रा हट्टी झालेला नसतो, आजारी असतो.

तिसरी परंपरा संसर्गाची, आणि तिची कथा मला सगळ्यात विलक्षण वाटते. मेंढ्यांचा स्क्रेपी हा रोग इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून माहीत होता. मेंढी अंग घासत राहते, लोकर झडते, तोल जातो, मरते. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये क्यूये आणि शेल यांनी तो एका मेंढीतून दुसरीत टोचून नेता येतो हे सिद्ध केले. फरक इतकाच की लक्षणे दिसायला वर्ष-दोन वर्षे लागत. त्याच दशकात ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या मेंदूपासून, फॉर्मलिन वापरून केलेल्या एका लशीतून स्क्रेपी पसरला. फॉर्मलिनने मरत नाही असा हा कसला जंतू, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

१९५९ मध्ये विल्यम हॅडलो हे अमेरिकी पशुविकृतितज्ज्ञ इंग्लंडमध्ये स्क्रेपीवर काम करत होते. लंडनच्या वेलकम संग्रहालयात न्यू गिनीतल्या कुरू या माणसांच्या रोगाचे प्रदर्शन लागले होते, ते पाहायला ते गेले. माणसांच्या मेंदूच्या त्या छायाचित्रांत त्यांना पेशींमधल्या पोकळ्या दिसल्या, ते मेंढ्यांच्या मेंदूत रोज पाहत होते तशाच. त्यांनी लॅन्सेटला पत्र लिहिले: हे दोन रोग सारखे आहेत, कुरू माकडांना टोचून वर्षानुवर्षे वाट पाहा. कार्लटन गायडुसेक यांच्या गटाने तसेच केले, चिंपांझींना रोग झाला, आणि १९७६ चे नोबेल त्यांना मिळाले. पुढे १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी प्रायॉन ही कल्पना मांडली: जनुकद्रव्य नसलेले, केवळ चुकीच्या घडीचे प्रथिन, जे शेजारच्या प्रथिनालाही आपल्यासारखे बिघडवते. त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले. या साखळीतली पहिली कडी एका गुरांच्या डॉक्टरने जोडली, हे आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंचा बीएसई, म्हणजे वेड्या गाईचा रोग, ओळखला गेला. मांस-हाडांचा भुगा पेंडीतून गाईंना खाऊ घातल्याने तो पसरला आणि तिथल्या १,८०,००० हून अधिक गाईंना झाला. मार्च १९९६ मध्ये तो माणसांत आल्याचे ब्रिटिश सरकारने मान्य केले. भारतात बीएसईची नोंद नाही. स्क्रेपीची मात्र आहे: १९६१ मध्ये झ्लॉटनिक आणि कटियार यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो नोंदवला. म्हणून आमच्या भागातून जाणाऱ्या धनगरांच्या कळपात अंग घासणारी मेंढी दिसली की लगेच स्क्रेपी म्हणायचे नाही. ती शंभरदा खरूज असेल. पण तोल जाणारी, थरथरणारी, वयाने मोठी मेंढी असेल तर विचार मनात यायला हवा, आणि त्याआधी रेबीजचा.

एए अमायलॉइडही पसरतो का? प्रयोगातल्या उंदरांना दुसऱ्या जनावराचे अमायलॉइड तंतू दिले आणि सोबत दाह घडवला तर साठा फार लवकर होतो. बियाण्यासारखे काम ते तंतू करतात. २००७ मध्ये बदक-हंसांच्या फुगवलेल्या यकृतातल्या तंतूंनीही उंदरांत असे घडल्याचे प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी बंदिस्त चित्त्यांच्या विष्ठेत असे तंतू दाखवले. बंदिवासातल्या चित्त्यांत अमायलॉइडोसिस हे मृत्यूचे मोठे कारण आहे. सप्टेंबर २०२२ पासून कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ते आहेत, तेव्हा मध्य प्रदेशातल्या वन्यजीव पशुवैद्यकाला हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. माणसाला जनावराच्या मांसातून एए अमायलॉइडोसिस झाल्याचे सिद्ध झालेले नाही. हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे लिहितो, कारण अशा विषयात अफवा फार वेगाने पसरतात आणि त्यात गरीब पशुपालक भरडला जातो.

आता आपल्याकडे या. भारतातले पशुवैद्यक उभे राहिले ते साथींशी लढण्यासाठी. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, जी पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, तिचा मोठा शत्रू बुळकांड्या होता. त्याआधी तीन वर्षे, १८८६ मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बुळकांड्या, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांनी दावणी रिकाम्या होत. लस टोचणे आणि साथ थोपवणे हेच पुण्यकर्म होते. ते काम यशस्वी झाले. २००६ मध्ये भारत बुळकांड्यामुक्त जाहीर झाला, २०११ मध्ये जग. पण या यशाने प्रश्नाचे रूप पालटले. जे जनावर पूर्वी चौथ्या-पाचव्या वर्षी साथीत जात असे ते आता दहा-बारा वर्षे जगते, आणि वाटेत त्याला झालेले प्रत्येक अर्धवट बरे झालेले दुखणे त्याच्याबरोबर जगते. आपली व्यवस्था मात्र अजून साथीच्याच सवयीने चालते. जुनाट आजाराला तिच्या नोंदवहीत रकाना नाही.

जपानमध्ये २००५ च्या सुमारास कत्तलखान्यात आलेल्या प्रौढ गुरांची तपासणी झाली तेव्हा शंभरातल्या साधारण पाच जनावरांत अमायलॉइड मिळाले. संशोधकांनाही इतके अपेक्षित नव्हते. जगातली बहुतेक आकडेवारी अशीच कत्तलखान्यातून येते. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाची कत्तल बंद आहे. भाकड गाय आणि थकलेला बैल गोशाळेत किंवा दावणीला म्हातारा होतो आणि तिथेच मरतो. म्हणजे अमायलॉइड साठायला लागणारी दोन्ही कारणे, दीर्घ आयुष्य आणि दीर्घ दाह, आपल्या गोशाळांत एकत्र आहेत, आणि पाहणारा डोळा मात्र तिथे नाही. शवविच्छेदन होते ते बहुधा विम्याच्या दाव्यासाठी किंवा विषबाधेच्या तक्रारीसाठी. त्यात मूत्रपिंडाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायची गरज कोणाला वाटत नाही.

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. मेलेले जनावर ओढून नेणे, सोलणे हे काम ज्या जातींवर पिढ्यानपिढ्या लादले गेले, त्यांनी या मुलखातली जितकी यकृते आणि मूत्रपिंडे उघडी पाहिली तितकी कुठल्याही प्राध्यापकाने पाहिली नसतील. कोणत्या गाईचे काळीज मेणचट निघाले, कोणाच्या पोटात तार निघाली, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. १९२७ च्या महाड परिषदेनंतर डॉ. आंबेडकरांच्या हाकेने अनेकांनी हे काम टाकले, आणि ते टाकणे न्याय्यच होते. पण जनावर उघडून पाहण्याची जबाबदारी त्यानंतर पशुवैद्यकाने उचलायला हवी होती. ती आपण उचलली नाही. आपल्या पदवीचा अर्थ त्या कामापासून दूर राहणे असा लावला गेला, हे मला या व्यवसायाचे मोठे अपयश वाटते.

अमायलॉइड झाल्यावर त्यावर खात्रीचा उपाय नाही. शार-पेई कुत्र्यांत कोल्चिसीन वापरतात, त्याने पुढचा साठा मंदावतो असे दिसते; गाईच्या बाबतीत तेही व्यवहार्य नाही. म्हणून या पुस्तकाचा भर उपचारावर कमी आणि साठ्याआधीच्या काळावर जास्त आहे. दगडी पूर्ण बरी करणे, जाळपोटात वेळीच लोहचुंबक सोडणे, खुरे कापणे, क्षयाची तपासणी: अमायलॉइड टाळण्याचे रस्ते हेच. यात नवे काही नाही असे कोणी म्हणेल. नवे हे आहे की या किरकोळ वाटणाऱ्या कामांच्या अपयशाचा हिशेब नंतर कुठे आणि कसा समोर येतो, तो इथे मराठीत पहिल्यांदा सविस्तर मांडायचा प्रयत्न आहे. विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखालची बाजू समजून घ्यावी, काम करणाऱ्या डॉक्टरने गोठ्यातली, आणि गोशाळा चालवणाऱ्याने निदान एवढे ओळखावे की खंगणारी गाय नेहमी जंतांनीच खंगत नाही. जनुकशास्त्राची चर्चा आवश्यक तेवढीच ठेवली आहे. प्रायॉन रोगांना मात्र त्यांच्या आकडेवारीपेक्षा जास्त जागा दिली आहे, कारण साठ्याचे सगळे तर्कशास्त्र तिथे उघड दिसते.

शहापूर, इच्छापूर, नेपानगर किंवा तापीच्या पलीकडे कुठेही काम करणाऱ्या वाचकाला एक विनंती. पुढच्या वेळी दीर्घ हगवणीने, पोळीला सूज येऊन म्हातारी गाय गेली आणि मालकाने परवानगी दिली, तर मूत्रपिंड, यकृत आणि प्लीहा यांचे अर्ध्या ते एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे घ्या, तुकड्यांच्या दहापट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये टाका आणि महू, अकोला किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवा. जनावराला मज्जासंस्थेची लक्षणे असतील तर कवटी स्वतः उघडू नका. आधी रेबीजचे नमुने घेणाऱ्यांना बोलवा. चिठ्ठीवर वय, पूर्वीचे आजार, लघवीतल्या प्रथिनाचा निकाल लिहा आणि काँगो रेड करावे असे स्पष्ट मागा, कारण नेहमीच्या रंगात साठा नुसता गुलाबी दिसतो आणि नजरेतून सुटतो. काप थोडे जाड, आठ ते दहा मायक्रॉनचे हवेत. तुकडे महिनोन् महिने फॉर्मलिनमध्ये पडून राहिले तर काँगो रेड नीट चढत नाही, म्हणून त्याच आठवड्यात पाठवा.